बॉल सापडला का?

दोन्हीकडून एकच हाक येत होती.

“नेड! इकडे ये!”

नेड ऑलर्टन चिखलात पालथा पडून ऐकत होता. धुकं इतकं दाट की स्वतःचा हात दिसेना. तो आणि त्याच्या पलटणीतला विल्फ पहाटे काटेरी तारा सांधायला खंदकाबाहेर आले होते. तोफेचा गोळा पडला. विल्फ जागीच गेला आणि नेड असा फेकला गेला की आपला खंदक कुठल्या बाजूला आणि जर्मनांचा कुठल्या, हेच त्याला कळेना.

जर्मनांच्या खंदकात इंग्लंडमध्ये हॉटेलात वेटर म्हणून राबलेला कोणीतरी होता. आमच्या पोरांची नावं ऐकून तो तश्शीच हाक द्यायचा. मागच्या आठवड्यात एकजण त्या हाकेला फसला, तो परत आला नाही. आणि बरोबर दिशेला गेलं तरी धुक्यातून येणारी सावली बघून आपलाच पहारेकरी आधी गोळी घालणार, मग चौकशी करणार.

सगळी पलटण आमच्या हॅल्स्डेन गावची, तरी नेड तिच्यात एकटा होता. एके काळी याच लोकांनी त्याला खांद्यावर नाचवलं होतं. मग गिरणीतला माग सोडून तो फुटबॉलचा पगार घ्यायला लागला आणि गावाच्या पोटात दुखायला लागलं. आम्ही घाम गाळायचा आणि हा लाथा मारून कमावणार! तरी लोकांनी ते गिळलं असतं. पण कपाच्या सामन्यात, अगदी शेवटी, नेडला पेनल्टी मिळाली. त्याने मारलेला बॉल गोलवरून गेला, भिंतीवरून गेला आणि मागच्या कालव्यात पडला. आमचं गाव दरोडेखोराला माफ करील, पेनल्टी घालवणाऱ्याला नाही.

दुसऱ्या दिवसापासून गुत्त्यात, चर्चच्या दारात, न्हाव्याकडे एकच प्रश्न. “काय नेड, बॉल सापडला का?” नेडने कधी उत्तर दिलं नाही. मान खाली घालून तो पुढे जायचा. लढाई सुरू झाल्यावर सैन्यात नाव घातलं तेव्हा त्याला वाटलं, सुटलो एकदाचा. पण खंदकातही हार्ग्रीव्ज नावाचा विणकर चहा ओतता ओतता तेच विचारायचा आणि सगळे खिदळायचे. त्यापलीकडे नेडशी कोणी बोलत नसे. विल्फ तेवढा बोलायचा.

“नेड! इकडे ये!” डावीकडून.

“नेड! इकडे ये!” उजवीकडून.

नेड हलला नाही. थोड्या वेळाने उजवीकडची हाक थांबली. डावीकडची चालूच राहिली. मग आपले लोक डावीकडेच असतील का? की उजवीकडे आपलेच होते आणि त्यांनी नाद सोडला? आपल्यासाठी कोण घसा फोडून घेणार, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला रडू कोसळलं. निदान हाक मारणारं कोणीतरी आहे, म्हणून तो डावीकडे सरपटायला लागला.

तेवढ्यात मागून, उजवीकडून, हार्ग्रीव्जचा घोगरा आवाज आला.

“काय रे नेड! बॉल सापडला का?”

डावीकडचा आवाज गप्प झाला. बिचाऱ्या वेटरला त्या बॉलचं काय ठाऊक!

मग उजवीकडे सगळा खंदकच ओरडायला लागला, शनिवारी मैदानाच्या कठड्याला रेलून ओरडावं तसा. “बॉल सापडला का? बॉल सापडला का?” त्यातून हार्ग्रीव्जचा आवाज फाटत वर आला, “अरे गाढवा, आज तरी उत्तर दे! तूच आहेस हे कळू दे, नाहीतर आमच्याच गोळीने मरशील!”

नेड उठून उभा राहिला.

“नाही रे!” तो रडत रडत ओरडला. “कालव्यातच आहे अजून!”

आणि ओरडतच तो त्यांच्याकडे धावत सुटला.