घरचं माणूस

"अठराव्या शतकातले ते दोन प्रशियन सरदार आयुष्यभर एका घरात राहिले, एकाच कबरीत निजले. तरी इतिहासकार म्हणतात, तेव्हा मैत्रीच तशी असायची!" इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक असलेले बाबा चहा पिताना हसले.

"पुरावा लागतो, प्रोफेसर," बाबांच्या जुन्या मित्राने, भालूकाकांनी, टोमणा मारला आणि बाबांचा चष्मा आपल्या सदऱ्याला पुसून दिला. आई गेल्यापासून ते इथेच राहत. मुलीला सगळं कधीचंच कळलं होतं, पण तिने वर्तमानपत्रातून मान वर काढली नाही.

दुसऱ्या सकाळी बाबा गेले.

स्मशानात गुरुजी म्हणाले, "घरच्यांनी पुढे येऊन पाणी पाजावं." भालूकाका मागे मित्रमंडळींत सरकले. तिने त्यांना हाताला धरून पुढे आणलं.

"हे कोण?" गुरुजींनी विचारलं.

"माझ्या बाबांचे जोडीदार," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "काका, बाबांना पहिलं पाणी तुम्ही पाजा."