बोटीचं कव्हर

टिचबटण बंद व्हायला अंगठ्याचा अगदी थोडा दाब पुरतो. आजारपणानंतर नवऱ्याच्या अंगठ्यात तेवढाही जोर उरला नव्हता. कव्हरच्या दुकानात तो नमुन्याचं बटण पुन्हा पुन्हा दाबत होता. मी कापडांचे रंग बघितल्यासारखं करत होते. “स्कीइंगची बोट दर आठवड्याला तळ्यावर नेता ना?” दुकानदाराने विचारलं. “मग हे बटणांचंच घ्या. शेडमध्ये नुसती ठेवायची, तर प्लास्टिक गरम करून आवळून बसवतो. पण ते फाडल्याशिवाय निघत नाही.” “प्लास्टिक नको, बोटीचा जीव गुदमरेल,” नवरा म्हणाला. “बोटीचा जीव बरा कळतो. स्वतःच्या गोळ्या मात्र मी आठवायच्या,” मी म्हणाले. तो हसला, आणि बटण पुन्हा निसटलं. मला हात पुढे करवेना. दोन वर्षं दोघांनी टाळलेलं वाक्य त्यानेच उच्चारलं, “कव्हर राहू द्या. आमच्या बोटीला कुणी गिऱ्हाईक असेल तर सांगा.”