कासव, सोमवार, बादली

गुरुवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी विहंगने लॅपटॉपचं झाकण मिटलं आणि कमलाकाकू बोलायच्या थांबल्या. असं काही झालंच नाही. विहंगने तसं ठरवलं, शर्ट बदलला आणि तो सोसायटीच्या बागेत गेला.

समा भागातल्या त्या बागेच्या कोपऱ्यात नवा बाक होता. बाकावर बळवंतराव मोहिते, रेल्वेतून निवृत्त, विहंगच्या वरच्या मजल्यावरचे. बाकाच्या पाठीला काळा ग्रॅनाइट. त्यावर कोरलेलं : 'कै. सौ. कमला बळवंतराव मोहिते. बसा, बोलतील.' खाली मोबाइलने स्कॅन करायचा चौकोन, आणि चौकोनाखाली इंग्रजीत साइटचा पत्ता : टर्टल, मंडे, बकेट. पुढे वेबपत्त्याचं नेहमीचं शेपूट.

शेवटचं वर्षभर काकूंना जिना उतरता आला नव्हता. वरून त्या नवऱ्याच्या मोबाइलवर आवाजात निरोप पाठवायच्या. त्या गेल्यावर विहंगने त्या सदतीस निरोपांची साइट केली, आपल्याच लॅपटॉपवर, आणि काकांना दाखवायला फुकटच्या एका सॉफ्टवेअरने बोगदा पाडला. असा बोगदा बाहेरच्या माणसाला थेट आपल्या लॅपटॉपात आणून सोडतो. पत्ता सॉफ्टवेअरच देतं, हाताला लागतील ते तीन शब्द उचलून. लॅपटॉप मिटला की बोगदा बुजतो आणि तो पत्ता पुन्हा मिळत नाही. 'काका, नुसतं बघून घ्या, चुका सांगा,' एवढंच विहंगने लिहिलं होतं. काकांनी बघितलं. चूक एकही नव्हती. ते दगडवाल्याकडे गेले.

पत्ता टिकणारा नाही हे सांगायचं तर बाकाच्या उद्घाटनालाच सांगायला हवं होतं. पण शेजारच्या पूर्णिमाबेननी मोबाइल धरला, काकू म्हणाल्या, "खंडेराव मार्केटात जाताय तर तोंडली कोवळी बघून आणा, गेल्या खेपेसारखी नकोत," आणि पूर्णिमाबेन दचकून गुजरातीत "हा कमळाबेन, लावीश", आणते, म्हणून बसल्या. त्यानंतर सांगणार कोण? विहंगने लॅपटॉपवर 'झाकू नये' अशी चिठ्ठी चिकटवली. साइट पक्क्या जागी हलवली तरी पत्ता बदलणार होता, आणि दगड बदलणार नव्हता. लॅपटॉप एकोणीस दिवस उघडा राहिला. विसाव्या दिवशी विहंगला नोकरी लागल्याचा फोन आला आणि आनंदाच्या भरात त्याने झाकण आपटलं. चिठ्ठीसकट.

"ये रे," काका म्हणाले. "ही बोलत नाहीये."

"नेटवर्क नसेल, काका."

"पूर्णिमाबेनच्या फोनवरही नाही. रुसली म्हणावं, तर माझ्यावर रुसेल. पूर्णिमाबेननी काय केलंय? त्यांनी तर तोंडली आणली."

तो बाकाच्या टोकाला बसला आणि त्याने सगळं सांगितलं. लॅपटॉप, चिठ्ठी, झाकण. नोकरीचंही सांगितलं, कारण ते मध्येच येत होतं.

"अभिनंदन," काका म्हणाले. मग, "मी चौतीस वर्षं रेल्वेत काढली. बोगदा एकदा पाडला की शंभर वर्षं राहतो."

"हा फुकटचा होता, काका."

"फुकटचा बोगदा," काका म्हणाले. चौकशी समितीसमोर म्हणावं तसं.

"मी नवा पत्ता घेतो. पक्का, पैसे भरून. दगडही नवा लावू, खर्च माझा. आणि तोवर निरोप तुमच्या मोबाइलवर आहेतच की."

"घरी ती माझ्याशी एकट्याशीच बोलते. इथे चार माणसांत बसायची." काकांनी दगडावरून बोट फिरवलं. "नव्या पत्त्यात कासव असेल?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय? तूच निवडलंस ना? कासव, हिची चाल. सोमवार, हिचा उपास. मी दगडवाल्याला म्हटलं, आजकालची पोरं एवढा विचार करत नाहीत. बादलीचं तेवढं लागत नव्हतं. परवा लागलं. क्वार्टरमध्ये होतो तेव्हा पाणी जायचं. ही पहाटे उठून आख्ख्या लायनीच्या बादल्या भरून ठेवायची. तू तर जन्मलाही नव्हतास. तुला कुणी सांगितलं?"

आज विहंगने सगळं खरं सांगितलं होतं. आता एवढंच राहिलं होतं.

"काकूंनीच," तो म्हणाला.

काकांनी मान हलवली, त्यांना वाटलंच होतं अशी. मग खिशातून पेन काढून त्याच्या हातात दिलं.

"लिही अर्ज."

"काका, तिथे माणूस नसतो. अर्ज गेला की आपोआप उत्तर येतं."

"रेल्वेतही तसंच होतं. लिही."

कागद नव्हता. विहंगने नोकरीचा पत्ता उतरवून घेतलेली चिठ्ठी उलटी केली. काकांनी पाठ सरळ केली आणि सांगायला सुरुवात केली :

"मा. मुख्य व्यवस्थापक, बोगदा विभाग, यांस. विषय : बंद पडलेला पत्ता पूर्ववत मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, टर्टल मंडे बकेट हा पत्ता कै. सौ. कमला यांचे नावे कायम करण्यात यावा व अन्य कोणासही देण्यात येऊ नये. दगड कोरून झालेला आहे. चोवीस तास सेवा देणे शक्य नसल्यास, अर्जदार दररोज सायंकाळी पाच ते सात सदर बाकावर हजर असतो. निदान तेवढा वेळ बोगदा उघडा ठेवण्यात यावा, ही नम्र विनंती."