कुठवर आलास?

ऑफिसात दुपारचा डबा खाऊन होताच भारतीला जांभई आली, आणि ही झोप आपली नाही हे तिनं लगेच ओळखलं. ती तर रात्रभर छान झोपली होती. झोप यासीनची होती. तिनं पाठवलेला दुधाचा टँकर घेऊन तो घाट उतरत होता. नव्या कायद्याप्रमाणे गाडी पाठवणाऱ्यानं मनगटाला पट्टा बांधायचा, आणि ड्रायव्हरचा शीण त्या पट्ट्यातून त्याच्याही अंगात उतरायचा.

तिनं टँकरच्या केबिनशी जोडलेला स्पीकर चालू केला. "यासीनभाई, गाडी बाजूला घ्या आणि जरा पडा."

"मी ठणठणीत आहे, ताई."

"मग माझी मान का पडतेय?"

तो ओशाळून हसला आणि त्यानं टँकर बाजूला घेतला.

तेवढ्यात मालक आत आले. "थांबवलीस गाडी? दूध नासलं म्हणजे? नीघ म्हणावं त्याला!"

भारतीनं पट्टा सोडला आणि त्यांच्या मनगटाला बांधला. "आता तुम्हीच पाठवा."

मालकांनी रोजच्यासारखं "कुठवर आलास?" म्हणायला तोंड उघडलं, तर जांभईच बाहेर पडली. पापण्या जड झाल्या. मागोमाग कमरेतून अशी सणक निघाली की टेबलाला धरून ते मटकन खाली बसले.

"हेही त्याचंच?"

"रोजचंच आहे," भारती म्हणाली.

मालक कमरेवर हात ठेवून उठले. मग स्पीकरजवळ वाकले.

"यासीन, झोप तू. आणि... कंबर कधीपासून दुखतेय रे?"