जितं पाणी

तिसऱ्या बरणीतला मासा उताणा पडला होता.

द्राक्षबागेच्या कडेला पाण्याच्या मोटारीची खोली होती आणि तिच्या पायरीवर स्नेहलने तीन बरण्या मांडल्या होत्या. स्नेहल नाशिकच्या कॉलेजातली, ओढ्यातल्या बारक्या जिवांचा अभ्यास करणारी मुलगी. एवढं शिकून चिखलात हात घालायचा म्हणजे कमालच, असं म्हणून बागेत मजुरीला आलेली अक्काबाई तिला रोज हसायची. आज मात्र दोघी शेजारी शेजारी उकिडव्या बसल्या होत्या आणि हसत कुणीच नव्हतं.

खरं तर पैज अक्काबाईनेच लावली होती. छाटणीसाठी पेठकडच्या डोंगरातली मजुरांची टोळी खाली उतरली, तेव्हा आपल्या घरची झोपडी या ओढ्याकाठी घालायची हे तिनेच ठरवलं. तिच्या पाड्यावर पाणी पारखायची एक रीत आहे. नवा झरा सापडला की संध्याकाळी मूठभर झिंगे त्यात सोडायचे आणि सकाळी जाऊन बघायचं. ते हलताना दिसले की पाणी जितं, मग बायका खुशाल हंडे भरतात. या ओढ्यात तर झिंगे आधीपासूनच होते, हवे तेवढे. हे पाणी पिऊ नका असं स्नेहल म्हणाली, तेव्हा अक्काबाईला चक्क राग आला होता. कालची पोर तिला पाणी शिकवणार होती. ओढ्यातले झिंगे तुझ्या औषधानेही मरायचे नाहीत, अशी पैज तिने तिथेच लावली.

पहिल्या बरणीत तिच्या पाड्यावरच्या झऱ्यातले झिंगे होते. संक्रांतीला घरी गेली तेव्हा तिने स्वतः डब्यातून जपून आणलेले. दुसरीत इथल्या ओढ्यातले. काल सकाळी स्नेहलने दोन्हींत बागेवर फवारतात तेच औषध सारखं मोजून टाकलं. पाड्यावरचे झिंगे चहा उकळायच्या आत तळाशी गेले. ओढ्यातले मात्र मजेत पोहत राहिले. आपल्या गावचे मेले याचं अक्काबाईला वाईट वाटलं, पण पैज जिंकली म्हणून तिने मांडीवर थापही मारली.

तिसऱ्या बरणीत औषधाचा थेंबही नव्हता. चांगलं पाणी, बोटाएवढा मासा आणि त्याला खायला ओढ्यातले झिंगे. रात्रीपर्यंत ते त्याने संपवले होते. त्याच्यासोबत आणलेला दुसरा मासा शेजारच्या बादलीत कणकेच्या गोळ्या खाऊन फिरत होता.

"ह्यो कशानं मेला?" अक्काबाईने विचारलं.

स्नेहलने बरणी उचलून उजेडात धरली. मग हळूहळू सांगितलं. इतकी वर्षं बागेतलं औषध ओढ्यात उतरतंय. ज्या झिंग्यांना ते सोसलं नाही ते केव्हाच मेले. ज्यांना सोसलं तेवढेच उरले, त्यांची पिल्लं झाली, त्या पिल्लांची पिल्लं झाली. आता त्यांना या औषधाने काही होत नाही.

"मग बरंच हाय की."

"त्यांना होत नाही, मावशी. पण औषध जाणार कुठे? त्यांच्या अंगातच राहतं."

अक्काबाईच्या मांडीजवळ पत्र्याचा डबा होता. पहाटे लुगड्याच्या तुकड्याने गाळलेले झिंगे त्यात टकटक करत होते. हा आवाज तिला आवडायचा. सुनेला, सविताला, सातवा महिना लागला होता आणि पोटात दुसरं काही ठरत नव्हतं. लसूण-मिरचीत परतलेले झिंगे तेवढे ती मागून मागून खायची. गेले दोन महिने अक्काबाई एक दिवस चुकली नव्हती.

"आन् माणसाला?" ती म्हणाली.

मासा म्हणजे माणूस नाही, एका बरणीवरून काही ठरत नाही, असं स्नेहल म्हणाली. उद्या सविताला दवाखान्यात नेऊ, मी सोबत येते, असंही म्हणाली. हे सगळं ती बरणीकडे बघत बोलली. ती खोटं बोलत नव्हती, तिलाही ठाऊक नव्हतं. अक्काबाईला त्याचीच जास्त भीती वाटली.

झोपडीकडे जाताना वाटेत तिचा मुलगा काळू भेटला. तोंडाला टॉवेल गुंडाळून तो ट्रॅक्टरवर बसला होता. मागच्या ब्लोअरमधून निघालेलं औषधाचं पांढरं धुकं वेलींवरून ओढ्याकडे सरकत होतं. त्याने आईला हात केला. तिने डबा पदराखाली घेतला. तो ओतून द्यायचं तिच्या मनात दोनदा आलं, पण ओतायचा कुठे हे सुचेना. ओढ्यात तर नाहीच.

सविता दारात पाय पसरून बसली होती. पाट्यावर लसूण-मिरची वाटून तयार होती. डबा बघून तिचा चेहरा खुलला.

अक्काबाईने डबा खाली ठेवला आणि ती तिच्याजवळ बसली. सांगायचं ठरवूनच आली होती, पण सुरुवात कुठून करायची ते कळेना. तेवढ्यात सविताने तिचा हात ओढून आपल्या पोटावर ठेवला. हेही रोजचंच होतं. बाळ हललं की सासू म्हणायची, हलतंय ना, मग बरं हाय. तेवढं ऐकलं की सविता निश्चिंत व्हायची.

हाताखाली बाळ हललं. आज जरा जास्तच जोरात हललं.

सविता वाट बघत राहिली. सासू काहीच बोलेना, तेव्हा तिनेच विचारलं.

"हलतंय, म्हंजी बरं हाय ना, आई?"

डब्यातले झिंगे पत्र्यावर टकटक करत होते. अक्काबाईने हात काढला नाही.