गुलाबी मच्छरदाणी

"बाळ दे माझ्याकडे, वाळूत पाय रुततात," हेमाली तिसऱ्यांदा म्हणाली, तशी कल्पितानं बाळाला आणखी घट्ट धरलं.

"राहू दे ताई. जड नाही तो."

सव्वा महिना पुरा झाल्यावर बाळाला आज पहिल्यांदा घराबाहेर काढलं होतं. अलिबागच्या किनाऱ्यावरून ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्यात चालत जायचं, तिथल्या गणपतीच्या पायावर बाळाला घालायचं आणि भरतीच्या आत परतायचं, असा बेत होता. तो आखला होता हेमालीनं, म्हणजे रितेशच्या थोरल्या बहिणीनं. तिथंच कल्पिताच्या मनात शंकेची पाल चुकचुकली होती. नणंदेच्या लग्नाला अकरा वर्षं झालेली, अलिबागेत ऐसपैस घर, आणि घरात मूल नाही. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, तो तिनं घ्यावाच. पण एवढंसं नाव सांगायला किती वेळ लागतो? हिचे ओठ आपले हलतच होते!

आणि आज सकाळचं काय? उरणहून ते हेमालीच्या घरी येऊन टेकले, तेव्हा आतल्या खोलीचं दार किलकिलं होतं. आत छोटा पलंग, कोरी गादी आणि वर गुलाबी मच्छरदाणी. कल्पिता डोकावतेय हे दिसताच हेमालीनं लगबगीनं दार ओढून घेतलं. रितेश तर एकदम पंख्याकडेच बघायला लागला. नवरा पंख्याकडे बघायला लागला की काहीतरी शिजतंय, हे कल्पिताला आठ वर्षांत चांगलं कळलं होतं.

"आई, बघ ना, शंख!" सात वर्षांची शिवानी ओली मूठ पुढे करत धावत आली.

"लांब हो, बाळाला लागेल."

शिवानी लांब झाली. थोड्या वेळानं दुसऱ्या बाजूनं आली, तर तिकडूनही तेच ऐकावं लागलं. मग ती मुकाट्यानं आत्याजवळ गेली. आत्यानं शंख कानाला लावला, पदरानं पुसला आणि आपल्या पर्समध्ये ठेवला. बाळंतपणाच्या वेळी शिवानी पंधरा दिवस आत्याकडेच राहिली होती, तेव्हापासून दोघींचं गूळपीठ होतं. कल्पिताला हायसं वाटलं. निदान नणंदेचे हात तरी गुंतले.

गणपतीपुढे बाळाला टेकवतानाही तिनं त्याच्या पाठीखालचा हात काढला नाही. दर्शन झालं. शिवानी देवळालगतच्या तळ्याच्या पायऱ्यांवर उड्या मारायला लागली, आणि बाळाला पाजायला कल्पिता देवळामागच्या सावलीत बसली. कोपऱ्यापलीकडून रितेशचा दबका आवाज आला.

"आजच सांगून टाकू तिला."

"ती नाही म्हणेल रे," हेमाली म्हणाली. "आईचा जीव आहे."

"तरी जूनच्या आत व्हायला पाहिजे."

कल्पितानं बाळाला पदराआड आणखी जवळ ओढलं. रितेशचे रावजीकाकाही असेच लहानपणी चुलत घरात दत्तक दिलेले होते. या घराला मूल उचलून द्यायची सवयच होती. ती तशीच उठली आणि त्या दोघांपुढे जाऊन उभी राहिली.

"माझं बाळ मी कुणाला द्यायची नाही. बहीणभावांनी मिळून काय ठरवायचं ते ठरवा."

हेमालीचा चेहरा खर्रकन उतरला.

"बाळ? अगं, तुझं बाळ कुणी मागितलं?"

"मग तो पलंग कुणासाठी आहे?"

उत्तर तळ्याच्या पायऱ्यांवरून आलं.

"माझ्यासाठी," शिवानी म्हणाली. "मच्छरदाणी गुलाबीच हवी, असं मीच आत्याला फोनवर सांगितलं होतं."

कल्पिताला आधी काही उमगलंच नाही. रितेश खाली बघत बोलला, "जूनपासून इथल्या शाळेत जाईन म्हणते. तीन वेळा तिनंच ताईला फोन केला. मला वाटलं, दोन दिवसांत विसरेल. नाही विसरली."

"मी नको म्हटलं होतं गं," हेमालीचे डोळे भरून आले. "पण पोर फोनवर रडायची. म्हटलं, निदान पलंग तरी घेऊन ठेवावा."

दिवसभर आपण राखण कुणाची केली आणि दार कुठलं उघडं ठेवलं, हे कल्पिताला तेव्हा कळलं. एवढ्यात किल्ल्याच्या दारातून एका घोडागाडीवाल्याची हाक आली.

"ओ वहिनी, चला बिगीबिगी! भरती लागली. आता चालत जायाचं न्हाय, गाडीत बसा!"

दाराबाहेर आले तेव्हा सकाळच्या कोरड्या वाळूवर पाणी पसरत होतं. हेमालीनं शिवानीचा हात धरला होता. गाडीपाशी कल्पिता थांबली, आणि तिनं बाळ हेमालीपुढे केलं. हेमालीला खरंच वाटेना. तिनं आधी रितेशकडे पाहिलं, मग शिवानीचा हात सोडून बाळ घेतलं.

कल्पिता तिथंच पाण्यात गुडघ्यांवर बसली. साडी भिजली. तिनं दोन्ही हात पसरले.

"ये."

शिवानी एक पाऊल पुढे आली आणि हातभर अंतरावर थांबली. तिनं मान वळवून बाळ कुठे आहे ते आधी नीट पाहून घेतलं.

"आता कुणाला लागणार नाही ना?" तिनं विचारलं.