वल्लरीने परत घेतलेली ताकद

मुलांनो, कल्पना करा, की गल्लीतली सगळी यंत्रं, म्हणजे फोन, टॅब, संगणक, आपली वापरात नसलेली ताकद शेजाऱ्यांना वापरायला देतात. प्रत्येक चिपमध्ये त्यासाठी एक कुलूपबंद कप्पा असतो. आत कुणाचं काम चाललंय, हे मालकालाही दिसत नाही. आणि ताकद कुणाची, हे शेजाऱ्यालाही कळत नाही.

अशाच एका गल्लीत वल्लरी टॅबवर मोटारींची शर्यत खेळत होती. गाडी सारखी अडखळू लागली.

“ताई, कुणीतरी माझा अर्धा टॅब खातंय!”

“हरायला लागलीस की टॅबच वाईट!” ताई हसली. “चालू दे त्यांचं.”

वल्लरीने रागाने ‘परत घ्या’ दाबलं. गाडी सुसाट सुटली.

तेवढ्यात खिडकीखाली ब्रेक करकरले. शेजारचे सोनटक्केकाका रस्त्याच्या मधोमध गोंधळून उभे होते. काकांना दिसत नसे. शेजाऱ्यांच्या ताकदीवर चालणारा, वाट सांगणारा त्यांचा चष्मा अचानक गप्प झाला होता. टेम्पो हातभर अंतरावर थांबला होता.

वल्लरी अनवाणीच धावली आणि त्यांना हाताला धरून कडेला घेऊन आली.

“कुणाचं यंत्र बंद पडलं, देव जाणे,” काका म्हणाले.

ते कुणालाच कधी कळणार नव्हतं. तरी वल्लरीने काकांचा हात घट्ट धरला.

“बंद पडलं नाही, काका. मी बंद केलं.”